गाठीची भूक

प्रिय आई, पाया पडते.

माझ्या पायात काटा मोडला तेव्हा तू म्हणाली होतीस, "बाय, लपवलेलं दुखणं चोरून जेवतं." इथे लंडनात आता माझं कामच ते आहे. गाठ साखर कशी जेवते, हे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात पाहायचं. औषध लागू पडलं की गाठ आटण्याआधीच तिची भूक मंदावते.

मी बरी आहे. मुळगावात मानकुरादला मोहर आला का?

गौरेश फोनवर म्हणाला, "ताई, तपासणीसाठी आईने सातेरीला कौल लावला, तर डावी पाकळी पडली. आता ती जात नाही म्हणते."

यंत्रात दुखत नाही गं, नुसता खाणीवरच्या ट्रकांसारखा खडखडाट होतो. तुझ्या छातीतल्या गाठीला गोळ्या लागू पडतात का, ते कळायलाच हवं.

नाही म्हणशील, तरी मागते. या सोमवारी देवीला न विचारता, फक्त मी सांगते म्हणून, गौरेशबरोबर जा.

तुझी हट्टी लेक,
विनिता