माफीच्या आठवड्यानंतर

ती. आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एकुलता आहे म्हणजे लाडकाही मीच. मी तर्कशास्त्र शिकवतो, तेव्हा यावर वाद नको.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की आता उतरतानाही? इकडे आई मजेत आहे आणि बाबा त्यांच्या मानाने मजेत आहेत. मी तुला पत्र लिहितोय हे कळल्यावर, 'माझं काही लिहू नकोस' हे सांगायला ते दोनदा खोलीत येऊन गेले. तुझ्या शिलाई मशीनला ते दर रविवारी तेल घालतात. आमच्या घरात शिवता कुणालाच येत नाही, बाबांना तर सुईत दोरा ओवायलाही आई लागते, पण मशीन मात्र लोण्यासारखं चालतं. पाठवून द्या म्हटलं की, 'हवं असेल तर स्वतः येऊन नेईल' म्हणून पेपर तोंडासमोर धरतात. तुमच्या बहीण-भावांच्या भांडणात मी पडत नाही. ते कशावरून झालं हे आता तुम्हा दोघांनाही धड आठवत नसणार.

पत्राचं कारण म्हणजे आपलं कॉलेज. (तुझं शिकण्याचं आणि माझं पोटापाण्याचं.) संस्थेच्या अध्यक्षांनी प्राचार्यबाईंना बोलावून विचारलं की, ज्या कॉलेजची त्याच्याच माजी विद्यार्थ्यांना आठवण येत नाही, ते चालवायचं कशाला? थोडं तत्त्वज्ञान, थोडा इतिहास, थोडी चित्रकला, असल्या शिक्षणाने कुणाचं काय भलं झालं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. येत्या रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. त्या दिवशी सभागृह रिकामं दिसलं तर पुढच्या वर्षीपासून प्रवेश बंद, म्हणजे हळूहळू आम्हीही बंद. बाईंनी सभागृह भरायचं काम माझ्याकडे सोपवलं, कारण माझ्या वर्गात सर्वांत कमी मुलं असतात आणि जी असतात तीही माझ्या गैरहजेरीची तक्रार करत नाहीत.

मी आधी गोड भाषेत निमंत्रणं पाठवली. एकाने, कॉलेज अजून आहे का, असं कुतूहलाने विचारलं. दुसऱ्याने भरभरून शुभेच्छा दिल्या आणि शेवटी कळवलं की तो आपल्या नव्हे, समोरच्या कॉलेजचा विद्यार्थी. मी हात टेकणार, इतक्यात ग्रंथालयातले शूकाका भेटले. (त्यांचं खरं नाव कुणी विचारलंच नाही. विचारायला तोंड उघडलं की ते ओठांवर बोट ठेवतात.) ते म्हणाले, माणसं संपर्कात आहेत की! एक वकीलसाहेब दरवर्षी ठरल्या दिवशी न चुकता फोन करून सांगतात की ग्रंथालयाचं निबंधांचं पुस्तक त्यांच्याकडे राहिलंय, या वर्षी नक्की आणून देतो. मग तासभर जुन्या सरांची चौकशी करतात. दातांचे एक डॉक्टर परत न केलेल्या पुस्तकापायी इतके ओशाळलेत की फाटकासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जातात, पण जातात याच रस्त्याने.

आत्या, इथे माझं तर्कशास्त्र आडवं आलं. मी म्हटलं, बिचारे लाजेमुळे येत नाहीत. लाज काढून टाकली की आनंदाने येतील. बाईंना पटलं आणि आम्ही माफीचा आठवडा जाहीर केला. पुस्तक परत करा, दंड नाही, प्रश्न नाही, वर चहा-बिस्किटं. काय गर्दी लोटली म्हणून सांगू! बाईंचे डोळे भरून आले. शूकाकांनी चक्क मोठ्याने बोलून लोकांना रांगेत उभं केलं. वकीलसाहेबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, माझा हात हातात घेऊन म्हणाले, सुटलो बुवा! आणि शीळ घालत फाटकाबाहेर पडले.

ते सुटले ते सुटलेच. यंदा वकीलसाहेबांचा फोन आला नाही. शूकाका त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत, फोनशेजारी बसून राहिले. डॉक्टर हल्ली दुसऱ्याच रस्त्याने जातात. मेळाव्याचं निमंत्रण द्यायला फोन केला तर जो तो नम्रपणे म्हणतो, 'अहो, मी ते पुस्तक दिलं ना परत?' कॉलेजला माणसांशी बांधून ठेवणारी एकच दोरी होती, ती मी स्वतःच्या हाताने कापली, आणि वर चहा पाजला. मला फार वाईट वाटलं, आत्या.

आता आम्ही उलटी मोहीम काढली आहे. मी पुस्तकं घेऊन दारोदार हिंडतो. वकीलसाहेबांनी हात मागे बांधून घेतले आणि पुस्तकाला स्पर्श न करता मला जिन्यापर्यंत पोचवलं. डॉक्टरांकडे मी रुग्ण म्हणून गेलो. (एक चांगला दात स्वच्छ करून घ्यावा लागला.) निघताना त्यांच्या मासिकांखाली एक कादंबरी सरकवून आलो. दुसऱ्याच दिवशी फोन आला. आवाजात तोच जुना ओशाळेपणा! तुमचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय, म्हणाले, रविवारी येतोच आहे, तेव्हा बघू. शूकाकांनी त्या आनंदात दोन वाक्यं सलग बोलून दाखवली.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप आणि गुडघ्याला ऊब दे.

तुझा,
भाचा

ता. क. माफीच्या आठवड्यात न आलेली एकच व्यक्ती उरली, असं शूकाका सांगतात, आणि ती तू. इतिहासाचा दुसरा खंड तुझ्याकडे आहे. इथे पहिला आणि तिसराच असल्यामुळे आमची मुलं राजाला गादीवर बसवतात आणि एकदम त्याच्या अंत्ययात्रेला हजर होतात. मेळावा रविवारी सकाळी आहे. खंड घेऊन ये. अध्यक्षांना दाखवायला तू पुढच्या रांगेत हवीस.

आणखी एक ता. क. वरचं खोडून टाक. तू ये, खंड आणू नकोस. घरी विसरला म्हणून सांग, म्हणजे तुला पुन्हा यावं लागेल. राजांचं मधलं आयुष्य मुलांनी अंदाजाने ओळखावं.

शेवटचं ता. क. हे लिहिताना बाहेरून मशीनचा आवाज येतोय. बाबा तेल घालून नुसतंच चाक फिरवत बसलेत. ते मशीन का देत नाहीत, हे मला माफीच्या आठवड्याने शिकवलं. मेळाव्यानंतर घरी ये. मशीन बघ, तेल पुरेसं नाही म्हणून बाबांना चार शब्द सुनाव, आणि जाताना ते न्यायचं विसर.