बंद नळीतील दोन वाल पदार्थाची व्यवस्था

मी, नरहर पुंजाराम वाटूरकर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा संस्कृत शिकवणे, राहणार जालना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नीचा मागितला नाही.

कलम एक. राहते घर व वाटूरचे शेत पत्नी द्वारकाबाई हिला. घर आजही तिच्याच मर्जीने चालते. यापुढे कागदोपत्रीही चालावे.

कलम दोन. संस्कृत पोथ्या शाळेला. व्याकरणाच्या पोथीवर करपल्याचे डाग आहेत. त्यांचे कारण कलम पाचमध्ये येईल.

कलम तीन. मेहुणे बद्रीनाथ यांना काही नाही. साक्षीदाराला वाटा देता येत नाही असे वकील रामराव सांगतात, म्हणून बद्रीनाथांना आग्रह करकरून साक्षीदार केले आहे.

कलम चार. मातीची भट्टी, लोखंडी नळकांडे व भाता मस्तगडचे कमरोद्दीन कलईवाले यांना. भाता मुळात त्यांचाच. अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून आणला होता.

कलम पाच. लाकडी पेटीतील बंद काचनळी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

हैदराबादच्या एका प्राध्यापकांशी माझा पत्रव्यवहार होता. जुन्या ग्रंथांतील धातूंच्या कृती मी त्यांना उतरवून पाठवी. एकदा त्यांनी उलट टपाली, घासलेटात बुडवलेला सीरियम धातूचा तुकडा पाठवला. गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये ज्या दुर्मिळ मृत्तिका असतात, त्यांतल्या एकीचा हा धातू. सोबत चिठ्ठी : "याचे नायट्राइड करून पाहा. तुमच्या ग्रंथांत ते नसणार." हे मला झोंबले.

नवसागर आणि कळीचा चुना एकत्र तापवला की अमोनिया वायू निघतो. नवसागर कलईवाल्याकडे, म्हणून मी कमरोद्दीनांकडे गेलो. तो वायू चुन्यावरूनच नेऊन कोरडा केला आणि लालभडक तापलेल्या नळकांड्यात सीरियमच्या किसावर सोडला. त्यातला नत्रवायू धातूला धरतो, एवढीच कृती. दिवसभर कमरोद्दीनांनी भाता सोडला नाही. मी भट्टीजवळच व्याकरणाची पोथी उघडून बसलो की तिच्यावर ठिणग्या पडत आणि ते ओरडत, "पंडितजी, मंत्र म्हनून राह्यले का? हात चालवा जल्दी, चुना सरला!"

दिवस मावळायच्या आत पितळेच्या रंगाचा, सोनाराच्या काट्यावर जेमतेम दोन वाल भरणारा पदार्थ निघाला. हवेतला ओलावाही त्याला सोसत नाही, म्हणून लगेच नळीत घालून काच वितळवून तोंड बंद केले.

तो रंग पाहून बद्रीनाथ मस्तगडच्या चौकात म्हणाले, "आमचे दाजी भोळे. कलईवाल्यानं लोकांची भांडी खरवडली, अन् भुसा घातला नळीत!" थट्टेने म्हणाले असतील. पण त्यानंतर बायका कमरोद्दीनांकडे भांडी आधी तोलून नेऊ लागल्या. पुढे पुढे नेईनाशा झाल्या.

या नायट्राइडवर पाण्याचा थेंब पडला की ठिणगी उडते, अमोनियाचा वास सुटतो, वर धरलेला हळदीचा कागद लाल होतो. पितळ यातले काही करीत नाही. म्हणजे एका थेंबात निकाल लागला असता. मी नळी फोडली नाही. न जाणो, आत नुसता करपलेला धातू निघाला तर? कमरोद्दीनांची अब्रू राखायला माझी पंडिताई पणाला लावावी लागत होती. मी माझी राखली. त्यांनी एकदाही "फोडा" म्हटले नाही.

सबब माझ्या तेराव्याच्या दिवशी बद्रीनाथांनी ही नळी स्वहस्ते, कमरोद्दीनांसमोर, चौकात फोडावी.

कलम सहा. कलम पाचमधील शेवटचे वाक्य रद्द. मसुदा ऐकून द्वारकाबाई म्हणाली, "तुम्ही गेल्यावर बद्री म्हनंल, नळी बदलली. अन् कमरोद्दीनभाईंचा खोकला ऐकला का? तुमचं तेरावं बघायला ते राहतील का न्हाई? काय निघायचं ते आजच निघू द्या. पानी मी आनते."

त्याप्रमाणे आज, सही करण्यापूर्वी, कमरोद्दीनांसह सर्वांसमक्ष ओसरीवर नळी फोडली. थेंब द्वारकाबाईने टाकला. काय झाले ते साक्षीदारांनी लिहावे. अकरा वर्षे माझी साक्ष कोणाच्या कामी आली नाही, आता एकदम नको.

मुक्काम जालना, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६२, फसली सन १३५०.

सही : नरहर पुंजाराम वाटूरकर

साक्षीदार : रामराव परतूरकर, वकील. ठिणगी पाहिली. लाल झालेला हळदीचा कागद या पत्राला टाचला आहे.

साक्षीदार : बद्रीनाथ अंबडकर. वास आला. डोळ्यांतून पाणी येत असल्याने सही वेडीवाकडी आहे. उद्या सकाळी घरची सगळी भांडी न तोलता मी स्वतः चौकातून कमरोद्दीनभाईंकडे नेईन. मी नाक धरून मागे सरलो तेव्हा ते म्हणाले, "अजून जवळ या, बद्रीनाथजी. वास अकरा वर्षांचा हाय." गेलो.