चौकातला फोटो

वर्धा, १३ फेब्रुवारी २०२५

ती. इलाताईस, सुमीतचा साष्टांग नमस्कार.

तीन आठवड्यांपासून पत्र टाळून राह्यलो. मधी केळझरच्या गणपतीले गेलतो, तिथल्या माकडानं माझी चप्पल... ते जाऊ दे. फोन मुद्दाम बंद ठेवला आहे. कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे.

आमच्या मोहल्ल्याचे दादा भैयाजी. त्यांचा वाढदिवस झाला. तलवारीनं केक कापला, चौकात बॅनर लागला, अन् शुभेच्छुकांत माझा फोटो पहिल्या रांगेत, गॉगलवाला! चहावालाही मले भाऊ म्हणायले लागला. ताई, चार कामं सोडली मी, कुठंच कोणी भाऊ म्हटलं नव्हतं.

सोमवारी सांजच्याले पाहतो तर बॅनरमधून तेवढा माझाच फोटो कापून नेलेला. धारदार हत्यारानं. हा इशाराच ना? भैयाजीच्या पोरायनं विचारलं, शक कोणावर? मी कैलासचं नाव सांगितलं. माझ्याच खोलीवरचा, पण त्याचा फोटो खालच्या रांगेत, बटणाएवढा; तेव्हापासून घुम्यासारखा राहते. पोरं म्हणाले, त्याले समजावून सांगतो. कसं, ते मी विचारलं नाई.

आईले कळू देऊ नको. माया राहू दे.

तुझा सुमीत

आंजी (मोठी), १८ फेब्रुवारी

चि. सुमीतले अनेक आशीर्वाद.

गॉगलात तू बटाट्याले चष्मा लावल्यासारखा दिसतो. मले कसं ठाऊक? तो फोटो आपल्या देवघरात आहे.

सोमवारी आई मेथी घेऊन वर्ध्याले गेलती. तिले वाचता येत नाई, अन् आपल्या गावात चौकात फोटो लागते तो मेलेल्याचाच. तिनं भाजीच्या विळ्यानं तुले कापून पदरात घेतलं, बसमध्ये रडत घरी आली. तुझा फोन बंद. फोटोखालचं 'शुभेच्छुक' मी वाचून दाखवलं, तेव्हा कुठं चूल पेटली. तरी विचारते, जित्या माणसाचा फोटो चौकात काऊन? आता तूच सांग तिले.

एका ताटात जेवणाऱ्याचं नाव फोटोच्या मापावरून सांगितलं तू! पत्र मिळताच पोरायले सांगजो, विळा आईचा होता. कैलासले हात लागू देऊ नको.

वेळेवर जेवजो, आमच्यावरची माया पातळ करू नको.

तुझी इलाताई

ता. क. पाकीट चिकटवत होती, तर कैलासच दारात उभा. डोक्याले पट्टी, हात गळ्यात. म्हणते, सुमीतच्या जिवावर कोणीतरी उठलं आहे, त्याले घरी बोलवून घ्या. त्याचं नाव कोणी सांगितलं, हे त्याले ठाऊक नाई. आई त्याले दाखवायले देवघरातला फोटो आणायले उठली आहे.