आईच्या बियाण्यावरच्या उवा

लांबेलांबे बेट, ३ मार्च २०१०

चि. रोस्मिनी हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि. यंदा खाडीचं पाणी दुपारी अंगाला कोमट लागतं. आपल्या शेवाळाच्या शेतातल्या दोऱ्यांवर तपकिरी लव चढली आहे आणि तिच्यात तांदळाच्या कणीएवढ्या उवा वळवळतात. त्याच शेवाळ कुरतडत असणार. आईने निवडून निवडून जपलेल्या बियाण्याच्या फांद्यांची आता एकच दोरी उरली. व्यापाऱ्याचं बी हवं तेवढं मिळेल, पण आई पुन्हा कुठून आणू? सरबताच्या बाटलीत नमुना पाठवते, कुजू नये म्हणून दवाखान्यातलं स्पिरिट घातलंय. बघून उपाय कळव. शिकतेस ना गं, की मकासरला नुसते गालच वाढवतेस?
तुझ्यावर आहे तेवढीच माया तुझ्याकडून मागणारी,
ताई कामरिया

मकासर, ११ मार्च

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि. गाल वाढलेत, खोटं कशाला बोलू! बाटली मिळाली. परीक्षेमुळे उघडली नाही, पण त्यात बघायचंय काय? गोडं पाणी उवांना सोसत नाही. विहिरीच्या पाण्याची बादली होडीत घे, दोरी बुचकळून लगेच झटक आणि परत समुद्रात सोड. निर्धास्त राहा.
तुझ्या लोभावर वाढलेली,
रोस्मिनी

लांबेलांबे, २९ मार्च

चि. रोस्मिनी हिस,
आशीर्वाद. सांगितलंस तसंच केलं. उवा पार गळल्या. शेजारची साएनाब म्हणाली की बहीण असावी तर अशी! मी दोन दिवस तोऱ्यात फिरले. पण आठवड्यात लव अशी माजली की शेवाळ दिसेना. दोरीवरचं निम्मं शेवाळ पांढरं पडून तुटलं. माझंच काही चुकलं का? बादली स्वच्छ होती गं.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

मकासर, ६ एप्रिल

ती. ताईस,
सलाम. बादलीचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. काल बाटली उघडली आणि भिंगाखाली एकेक उवेचं पोट बघितलं. सगळ्यांच्या पोटात तपकिरी लव होती, शेवाळ एकीच्याही नाही. ते बिचारे जीव तुझं शेत खुरपत होते आणि मी त्यांना मारायला सांगितलं. पाणी तापलं की लव भराभर वाढते आणि ती खाणारे मात्र कमी होतात. उरलेसुरले मी संपवले. खूप रडले. दोरी दोन हात खोल, थंड पाण्यात सोडून पाहा, जवळच्या समुद्रगवतातून ते जीव परत येतीलही. या वेळी खात्रीने सांगत नाही.
रागावलीस तरी पत्र टाक.
रोस्मिनी

लांबेलांबे, १ मे

चि. रोस्मिनी हिस,
खूप खूप आशीर्वाद. रडू नकोस, वेडे. खात्रीने सांगितलंस तेव्हा बुडाले. या खेपेला चूक कबूल केलीस, म्हणून दोरी खाली सोडली. आईच्या बियाण्याच्या दोन मुठी वाचल्या. त्यांच्यावर आता लव कमी आहे. उवाही आल्यात, थोड्याच.

घरचं बियाणं परक्याला देत नाहीत, लेक सासरी जाताना तिला तेवढं देतात. तरी एक मूठ मी साएनाबच्या दोरीवर बांधून आले. पाणी असंच तापत राहिलं तर आई एका दोरीवर ठेवणं बरं नाही. साएनाबने आधी हात मागे घेतला, मग आम्ही दोघींनी मिळून गाठ मारली. दुसऱ्या मुठीतली अर्धी तुझी. तुझ्या लग्नाची वाट बघत बसले तर समुद्र उकळेल.

सुट्टीत ये आणि तुझी गाठ तू मार.
तुझीच,
ताई