आतून उघडणारं दार

४ नोव्हेंबर, सांगली

शनिवारी शाळेत चादरी धुवायचा दिवस असे. ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं धाकट्या बहिणीच्या, इंदूच्या. ती एका बाजूला पिळायची, मी दुसऱ्या. चादरीचा दोर होऊन मध्येच वेटोळं पडलं की दोघी हसत सुटायचो. वरच्या खिडकीतून सिस्टर टाळी वाजवायच्या, मग पुन्हा गंभीर चेहरे. पाचगणीच्या थंडीत बोटं लालभडक व्हायची. आज एस.टी. कराडला थांबली तेव्हा स्टँडमागच्या गच्चीवर दोन मुली तशीच चादर पिळताना दिसल्या, आणि मी कंडक्टरसमोर एकटीच हसले.

तर मी सांगलीला आले. साताऱ्याचं घर बंद केलं, तुळस शेजारी दिली. हे गेल्यापासून दोन ताटं घ्यायची सवय मोडत नव्हती. म्हणून म्हटलं, साठी जवळ आली तरी हातपाय धड आहेत, नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर हवी आहे, जाऊ या.

वसतिगृह विश्रामबागेच्या पुढे, दुमजली, पिवळ्या रंगाचं. वारा फिरला की मार्केट यार्डातल्या हळदीचा वास येतो. माझी खोली जिन्यापाशी, खिडकीत कडुनिंब. स्वयंपाकाला चंद्राबाई आहेत. त्यांनी आल्या आल्या गरम भाकरी आणि खर्डा पुढे ठेवला आणि साताऱ्याची माणसं तिखट कमी खातात का म्हणून विचारलं. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा त्या खूश झाल्या.

मुली गोड आहेत. काही दिवसा ड्यूटीला जातात, काही रात्री. रात्रपाळीच्या मुली दुपारी झोपतात, म्हणून दुपारी सगळ्यांनी हळू चालायचं असा इथला नियम. मला आमचं बोर्डिंग आठवलं.

खालच्या बोळाच्या टोकाची सात नंबरची खोली बंद आहे. कडीला बोरीची काटेरी फांदी बांधलेली. विचारायचं राहून गेलं.

६ नोव्हेंबर

आजपासून नवी दारं. म्हणजे दारं तीच, कुलपं नवी. संस्थेचे सचिव वीरधवल साहेब म्हणाले की तपासणीच्या आत प्रत्येक खोली या व्यवस्थेत आली पाहिजे आणि ते काम रेक्टरचं. काम करायला मिरजेचा मतीन आला आहे. तिशीचा, बोलका. त्याने सगळं समजावून सांगितलं, मीही वहीत आकृत्या काढून घेतल्या.

चौकटीला वर चुंबकाची जाड पट्टी. वीज आहे तोवर ती दार धरून ठेवते. जुन्या कड्या काढून टाकायच्या. बाहेर कार्ड दाखवायचं, आत एक हिरवं बटण. प्रत्येक दारासाठी बोळातल्या भिंतीवर एक लोखंडी डबा, त्याला कंट्रोलर म्हणतात. डब्यावरचा नंबर लॅपटॉपवर भरायचा, दाराला नाव द्यायचं, मग डब्यावरचा लाल दिवा हिरवा होतो. कुणाला कुठलं दार उघडेल हे मी लॅपटॉपवर ठरवायचं. ती माहिती दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकांवर राहते, म्हणजे क्लाऊडमध्ये, आणि तिथून डब्यात उतरते. इंटरनेट गेलं तरी डबा शेवटी सांगितलेलं विसरत नाही. मतीन म्हणाला, मॅडम, दारं भिंतीत आणि चाव्या ढगात. मुली म्हणाल्या, आता बाई पण ढगात बसून आमच्यावर नजर ठेवणार.

मला एक गोष्ट फार आवडली. आतून बाहेर यायला परवानगी लागत नाही. बटणाची वायर थेट कुलपाला जाते. आतल्या माणसाला अडवायचं नाही, असा या कामातला नियमच आहे. सिस्टरही म्हणायच्या, मुलाला आत कोंडून दार लावू नये.

७ नोव्हेंबर

सात नंबरचं कळलं. जुलैत तिथे क्रांती नावाची मुलगी गेली. जतकडची. रात्रपाळी करून आली, ताप होता, आतून कडी लावून झोपली. दुपारी बोळ सामसूम. ती उठून दारापर्यंत आली, पण हात कडीपर्यंत पोचला नाही. संध्याकाळी दार फोडलं तेव्हा ती उंबऱ्यापाशी जमिनीवर होती.

दार नवं बसवलं, पण ते काट्याने बंद ठेवलं. मी फांदी काढायला सांगितली तेव्हा चंद्राबाई पदराला हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“आवं बाई, पोरगी पंचकात गेली. सहा म्हयनं ती खोली उघडायची न्हाई. संक्रांत होऊ द्या, मग काय ती कुलपं लावा.”

पंचकात गेलेलं माणूस एकटं जात नाही, सोबत घेऊन जातं, असं त्यांचं म्हणणं. चितेवर पिठाच्या बाहुल्या ठेवल्या की त्यांनाच सोबत समजून ते निघून जातं. पण त्या दिवशी पंचक आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, बाहुल्या ठेवल्या गेल्या नाहीत. पुढे तिच्या आईनेच येऊन काटे बांधले.

मी साहेबांना फोन केला. तपासणीवाल्यांना काटे दाखवायचे का, असं ते म्हणाले. मलाही वाटलं, एका लेकराच्या खोलीला काटे कसले? मी स्वतः फांदी सोडवली. बोटाला रक्त आलं, एवढंच.

मतीनला म्हटलं, या खोलीचं बटण खाली बसव, जमिनीपासून वीतभर वर. एवढं खाली का, त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणी आजारी पडलं तर निजल्या निजल्या हात पोचला पाहिजे. त्याने बसवलं. दिवा हिरवा झाला. चंद्राबाई जेवायला वाढताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

९ नोव्हेंबर

कचेरीने मुलींची यादी पाठवली, ती लॅपटॉपवर चढवली. यादी जुनी निघाली. तीत क्रांतीचं नाव होतं. मतीन म्हणाला, काढून टाका. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं आणि मला जमेना. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मेलेल्या लेकराचं नाव माझ्या हाताने खोडायचं? म्हटलं राहू दे, कुणाचं काय जातं. यादीवरून छापून आलेलं तिचं कार्ड माझ्या खणात ठेवलं आणि परवानगी फक्त तिच्या खोलीची ठेवली.

११ नोव्हेंबर

दुपारी लॅपटॉप उघडला. कुठलं दार कधी उघडलं ते तिथे दिसतं. त्यात एक ओळ होती: सात नंबर, आतून बटण.

खोलीत कुणी नाही. जाऊन पाहिलं, दार वीतभर उघडं होतं. मी ओढून घेतलं. मतीन फोनवर म्हणाला, वीज खालीवर झाली की असं होतं, नवी वायर आहे, बसेल. बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

पुन्हा. कालही झालं होतं. दोन्ही वेळा भर दुपारी, मुली झोपलेल्या असताना.

सहा नंबरमधली समीना रात्रपाळीला आहे. विट्याची पोर, सतत हसणारी. तिच्या दोन्ही मैत्रिणी दिवसा ड्यूटीला, त्यामुळे दुपारी खोलीत एकटीच. चहाला आली तेव्हा गप्प होती. म्हणाली, झोपेत पायथ्याशी कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, गादी दबते. डोळे उघडले की कुणी नसतं. मी कपाळाला हात लावला. अंगात कणकण होती. गोळी दिली.

ती गेल्यावर लॅपटॉप पाहिला. सहा नंबर: क्रांती, प्रवेश.

खण उघडला. कार्ड जागच्या जागी होतं. आणि तिला सहाची परवानगी मी दिलेली नाही.

१५ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवणं झाल्यावर समीनाला बघायला गेले. खोली रिकामी, चप्पल तिथेच. सात नंबरचं दार लागलेलं. माझ्या कार्डाने उघडलं. समीना आतल्या उघड्या खाटेवर निजली होती. तापाने फणफणलेली. भिंतीला अगदी चिकटून, अर्धी खाट मोकळी सोडून.

मी तिला हलवलं. ती जागी झाल्यासारखी झाली आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत हळू म्हणाली, “बाई, ती म्हणती, ताप उतरंस्तवर पड माझ्याजवळ. लय भ्या वाटतंय तिला.”

मोकळ्या जागेवर हात ठेवला. ऊबदार होती.

१६ नोव्हेंबर

समीनाला दवाखान्यात हलवलं. तिथे नेताच ताप उतरला. तिचे अब्बा सिकंदरभाई येऊन बसलेत, माझ्यासमोर सारखे हात जोडत होते. कशाला जोडता हो. काटे मी सोडले.

क्रांतीचं नाव पुसलं. लॅपटॉप म्हणतो, पुसलं गेलं. मतीनने सातचं बटण काढून नेलं. उघड्या वायरींवर चिकटपट्टी लावली आणि पाठ न वळवता बाहेर आला. काय पाहिलं ते सांगेना.

१७ नोव्हेंबर

सात नंबर: आतून बटण.

तिथे बटणच नाही.

खाली: क्रांती. पाच नंबर. पाचमधली संयोगिता रात्रपाळीला आहे. अंग गरम. तिला माझ्या खोलीत आणून निजवलं.

मतीन म्हणतो, डब्याला नवा हुकूम पोचला नसेल, दिवा कोणता आहे बघा. लाल आहे. म्हणजे डबा जोडलेलाच नाही. मग नोंदी कुठून येतात? तो म्हणाला, मॅडम, मी आता तिकडे येणार नाही.

मेन स्विच बंद केला तर चुंबक सुटतात, सगळीच दारं उघडी. जुन्या कड्या भंगारात गेल्या.

साहेबांना सांगितलं, वसतिगृह आठ दिवस रिकामं करा. ते म्हणाले, परीक्षा आहे, तपासणी आहे, तुम्ही शिकलेल्या बाई आहात.

१८ नोव्हेंबर

काटे पुन्हा बांधले. दुपारी जमिनीवर पडलेले, नीट एका बाजूला सारून ठेवलेले.

चंद्राबाईंनी पिठाच्या बाहुल्या केल्या. मी मळलं, त्यांनी वळल्या. सातच्या उंबऱ्यावर ठेवल्या, दोघींनी हात जोडले. मी शाळेतली प्रार्थनाही म्हटली. जी येत होती ती.

१९ नोव्हेंबर

बाहुल्या आत. खाटेवर. ओळीने निजवलेल्या, माझ्याच रुमालाचं पांघरूण घालून. शेजारी अर्धी खाट मोकळी.

तिने त्या सोबत म्हणून घेतल्या नाहीत. निजवल्या फक्त. तापातल्या पोरीला बाहुली पुरते का? तिला उशाशी कुणीतरी मोठं माणूस—

संयोगिताचा ताप उतरत नाही. दवाखान्यात खाट मोकळी झाली की कळवतो म्हणाले. तिला माझ्या खोलीत एक मिनिटही एकटी ठेवत नाही, तरी—

२० नोव्हेंबर

जिन्यापाशी, माझी खोली: क्रांती, प्रवेश.

मी खुर्चीत बसलेले होते. जागी. दार उघडलं, लागलं. संयोगिता झोपेतच भिंतीकडे सरकली. जागा केली तिने. मी मध्ये जाऊन बसले, त्या जागेवर. गार काही नव्हतं. ऊब होती. तापलेल्या लेकराच्या अंगाला येते ती. आणि माझ्या मांडीवर वजन—

मी हात फिरवत राहिले. कशावर ते पाहिलं नाही.

संयोगिताचा ताप तेवढा वेळ उतरला. मी उठले तसा चढला.

२१ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आजचा दिवस कठीण. दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली तर माझ्या खोलीचं दार सुटेना. कार्डाने नाही, बटणाने नाही, मेन स्विच पाडूनही नाही. बाहेरून माणसं ढकलताहेत. चंद्राबाई दारापलीकडून रडताहेत.

मी मोठ्याने म्हटलं, “पोरी, हिला जाऊ दे. मी येते तुझ्याकडे.”

दार सुटलं.

२१ नोव्हेंबर, दुपार

संयोगिता शुद्धीवर आली. ॲम्ब्युलन्समध्ये पाणी मागितलं म्हणे. फाटकाबाहेर गेली.

मी सातमध्ये आहे. चादर, उशी घेऊन आले. शब्द दिला तर पाळायचा. भीती वाटते. फार वाटते. पण खाटेवर बसल्यापासून कुणी हुंदके देत होतं ते थांबलं आहे.

दार लागलं. मी लावलं नाही.

लिहून ठेवते, म्हणजे घोळ नको.

साताऱ्याचं घर इंदूचं. शिवणयंत्र आणि यांची पुस्तकंही तिनेच न्यावीत. सोन्याच्या बांगड्या समीना आणि संयोगिताला, एकेक. विकून पुढे शिका, जपून ठेवू नका. काळी पैठणी चंद्राबाईंना. त्यांचं ऐकलं नाही, तेवढं माफ करा म्हणावं. लॅपटॉप साहेबांना. पहिल्यांदा सगळ्या मुलींना घरी पाठवा, मग तो उघडा. मतीनला दोष देऊ नका, त्याने सांगितलं तसंच केलं.

ती जवळ सरकली आहे. अंग फार तापलंय तिचं. माझेही डोळे जड—

अजून एक. क्रांतीच्या आईला जतला कुणीतरी जाऊन निरोप द्या. फोनवर नको, समोर बसून. सांगा, की तुमच्या लेकीच्या उशाशी आता