वीराचं तोंड अजून कोरं आहे

८ फेब्रु.
अनंतला जाऊन उद्या वर्ष. जेवणावळ नाही, सांगून टाकलं. त्याने फोनवर काढलेला वीरगळीचा फोटो मोठा करून, काच लावून घेतला, वीरगळ आहे त्या गावाला देणार. काळा-पांढरा, त्याचे सगळेच तसे.
नणंद: "वर्षश्राद्धाला फोटो वाटतं का कुणी?"
"जिलबी वाटतात. ती कुठे पोचते?"
फोन ठेवला तिने. बरं झालं.

९ फेब्रु.
पहाटे कर्जतहून रिक्षाने गावात. (नाव इथेही लिहीत नाही. रीलवाले येतील.) हौसाबाईच्या शेताच्या बांधावर वीरगळ, कोरलेला उभा दगड. खाली लढून पडलेला वीर, वर त्याला स्वर्गात न्यायला आलेल्या अप्सरा. चेहरा झिजलेला. अ. म्हणायचा, कोवळ्या उन्हात डावीकडून बघितलं की ओठाची रेघ दिसते. हसतोय. त्या हसण्याचा फोटो नाही काढायचा, डोळ्यांनी बघायचं.
मला कधीच दिसली नाही. "हो, दिसली," म्हणायचे. चहाची घाई.
आज खरंच बघत बसले. ढग आले.
हौसाबाईने फोटो दोन्ही हातांनी घेतला. पदराने काच पुसली.

२२ फेब्रु.
रेघ बघायला पुन्हा बांधावर गेले. वीर शेंदरी. अप्सरा गुलाबी. मागे पोपटी. ऑइलपेंट, जाड, अजून चिकट.
"कुणी सांगितलं होतं हे शहाणपण?" मी ओरडले. शेतातली माणसं वळून बघायला लागली.
हौसाबाईचा चेहरा उतरला. "सायबांचं वरीस ना बाई. आमी सगळ्यांनी मिळून केला."
"पण रंग कशाला?"
"तुमीच फोटू दिला ना. काळापांढरा, काच लावून. तसा आमच्यात गेलेल्या माणसाचा लावतात. म्हनलं, बाईंना देव मेलेला वाटतोय. जिता हाय गं तो."
काच मीच लावून घेतली होती. दुकानात उभं राहून, घासाघीस करून.
कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, रागावतानाही वाक्य पूर्ण करावं. आज एकही

२४ फेब्रु.
जुन्या मूर्तींचं काम करणाऱ्या एका बाईंना फोन. म्हणाल्या, खरवडू नका, रॉकेल लावू नका. रंगाबरोबर दगडाचा पापुद्रा निघेल, ओठाची रेघ राहिली असेल तर तीही जाईल.
राहिली असेल तर.
अ.च्या फोनमधले सगळे फोटो मोठे करून पाहिले. चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके.
वर्षभर रडले नव्हते. शेजारच्या बाई विचारायला आल्या. कांदा चिरतेय म्हटलं.

२७ फेब्रु.
हौसाबाईचा फोन. मी तशी तोडून बोलले तरी.
"रागावलात जनू?"
"हो."
"रागवा. पन एक सांगा. तोंड रंगवून अजून कोरं ठेवलंय, ओठ काढलं नायत. पेंटर म्हनतो, सरळ रेघ मारतो. म्या म्हनलं नाय रं, सायब म्हनायचे हसतोय. आमाला कवा दिसला नाय. तुमाला तर दावला आसंल त्यांनी. कसा हसतो, तेवढं सांगा."
खरं सांगावं की नाही, कळेना. उद्या कळवते म्हणाले.

२८ फेब्रु.
तिचे दोन मिस्ड कॉल, मग एक व्हॉइस मेसेज. पेंटर आज बांधावर येऊन बसलाय म्हणे.
सकाळपासून वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने ओठ काढतेय. डावीकडे किंचित वर. फार झालं, खोडलं. अ. स्वतः हसायचा तसा काढला. खोडवेना.
पुन्हा फोन वाजतोय.