शिक्केवाला

३ जून
बाबांची आतड्याची गाठ काढल्यापासून शी पोटावरच्या पिशवीत येते. पिशवी मी बदलते. आज म्हणाले, "नाक काय मुरडतेस? तुझ्या बापाचंच आहे." मुरडलं नव्हतं! शाळा सोडली ती ह्याच्यासाठीच. दादा म्हणतो, "नाहीतरी तिथं काय दिवे लावत होती?"

५ जून
गाठ परत आली. आता यकृतात. डॉक्टर म्हणाले, नेहमीची औषधं संपली. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात बसलात तर बघू.

मग चाचणीची माहिती समजावून सांगणाऱ्या बाईंनी कागदावर चित्र काढलं. पेशीत म्हणे चिठ्ठ्या फिरतात, काय बनवायचं ते सांगणाऱ्या. त्यांना आरएनए म्हणतात. काम झालं की चिठ्ठी फाडून टाकायची. पण एक प्रथिन असतं, ते चिठ्ठ्यांवर खुणा करत सुटतं. खूण असली की ती चिठ्ठी लवकर फाडतच नाहीत. "वाढा, वाढा" सांगणारी चिठ्ठी तशीच फिरत राहते — गाठ वाढत जाते. नवं औषध त्या प्रथिनाचा हात धरतं.

बाबा गोदामात खोक्यांवर शिक्के मारायचे. लगेच म्हणाले, "म्हणजे शिक्केवाला! आमच्यातलाच निघाला की!" बाई खूप हसल्या. बाहेरच्यांशी किती छान बोलतात बाबा.

पण ज्यांच्या गाठीत शिक्केवाला भरपूर, त्यांनाच औषध. बाबांच्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय.

६ जून
आज संडासला मला परत रक्त पडलं. मूळव्याध असेल.

९ जून
घरात दुसरा विषय नाही. आई हात जोडते — "जास्त निघू दे, भरपूर निघू दे!" असं कोण मागतं का! दादा म्हणाला, "बाबांचं कधी काही कमी असतं का? आवाज ऐका नुसता." सगळे हसले. मी पण. बाबा म्हणाले, "तू नको हसू, दात दिसतात."

संडासात वेळ लागला. बाहेरून बाबा ओरडले, "ए गोगलगाय, अंडी घालतेस काय आत?" दादानं त्यांना टाळी दिली.

आईला सांगायचं ठरवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.
"आई..."
"काय गं?"
"काही नाही."
मीही घड्या घालायला बसले.

१४ जून
फोन आला. कमी निघाला. चाचणीत घेत नाहीत.

बाबांनी पेला भिंतीवर फेकला. काचा मी वेचल्या. बाबा वरून म्हणाले, "साधी गाठ, तिलाही धड काही जमलं नाही. अगदी तुझ्यावर गेलीये!"

बाई फोनवर असंही म्हणाल्या, की बाबांना कमी वयात झालंय, मुलांना दुर्बिणीनं तपासून घ्या. बाबा म्हणाले, "दादाचं बघा आधी. हिला काय होतंय? आजारसुद्धा हिला ओळख दाखवणार नाही."

२१ जून
दादाचं सगळं स्वच्छ. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. उद्या माझा नंबर. मागून कॅमेरा घालतात. डॉक्टर पुरुष असला तर? लाजेनं मरेन मी.

२२ जून
डॉक्टर बाईच होत्या. सुरू करायच्या आधीच विचारलं, "रक्त जातं का?"
हो म्हटलं.
"कधीपासून?"
"थंडीपासून."
"आणि घरी कुणाला बोलली नाहीस?"
आई तिथंच उभी होती. तिनं मला फाडकन मारली. "तोंड नव्हतं का तुला? तोंड नव्हतं का?" मग मलाच धरून बसली.

३० जून
मलाही गाठच. यकृतातही गेलीये. बाबांना आईनं सांगितलं. नंतर त्यांनी मला हाक मारली. वाटलं, जवळ घेतील. "पिशवी भरलीये," म्हणाले.

माझाही तुकडा तपासायला गेलाय.

९ जुलै
शिक्केवाला माझ्यात भरपूर निघाला! नेहमीच्या औषधांबरोबर ते नवं औषधही मला मिळणार. आई रडत रडत हसली. बाबांनी रिपोर्ट मागून घेतला, परत परत वाचला. मग भिंतीकडे तोंड केलं.

"माझ्या वाटणीचं होतं ते," म्हणाले. "चोरटी."